ॲक्रॉस + लाल फिल्टर = कोरी निगेटिव्ह? रोझेट कुठे गेला?

केप्याचा_दुर्बीणवाला (धागाकर्ता)

मंडळी, मदत पाहिजे. आधीच सांगतो, "फिल्म कशाला, डिजिटल घे" हा सल्ला मला घरीही रोज मिळतो, त्यामुळे इथे नको.

तर झालं असं, अमावास्येच्या आधीच्या शनिवारी नेत्रावळीच्या (दक्षिण गोवा) अलीकडे एका मित्राच्या बागायतीत (अभयारण्याच्या हद्दीबाहेर, उगाच कुणी विचारायला नको) रोझेट नेब्युला (अवकाशातला चमकणारा वायूचा ढग) फिल्मवर घ्यायला बसलो. सामान म्हणजे निकॉन एफएम२, १३५ची लेन्स एफ/२.८ ला उघडी, आत फुजीची काळी-पांढरी फिल्म ॲक्रॉस टू, आणि लेन्सच्या तोंडावर आर२५ लाल फिल्टर. ध्रुव आपल्याकडे साडेपंधरा अंशांवर, आणि साडेपंधरा अंशांवर आपल्याकडे माड असतात, त्यामुळे ड्रिफ्ट बघत बघत पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे लावणं) करायलाच दीड तास गेला. मग ४५ मिनिटांची एक फ्रेम, गायडिंग, म्हणजे ताऱ्यामागे कॅमेरा अचूक फिरवत ठेवणं, लॅपटॉपवर (हो, कॅमेरा फिल्मचा आणि गायडिंग डिजिटल, हसा).

ॲक्रॉस का घेतली तर तिचा रेसिप्रॉसिटी फेल्युअर (लांब एक्स्पोजरला फिल्म सुस्त होणं) जवळजवळ नाही, फुजीच्याच कागदावर १२० सेकंदांपर्यंत काही भरपाई नको आणि पुढे १००० सेकंदांपर्यंत फक्त अर्धा स्टॉप (साधारण १.४ पट वेळ) असं आहे. लाल फिल्टर का तर रोझेट हायड्रोजन-अल्फात चमकतो, म्हणजे ६५६.३ नॅनोमीटर, गडद लाल. लाल सोडून बाकी सगळं अडवलं की आकाश काळं होईल आणि नेब्युला उठून दिसेल, असा साधा हिशोब.

घरीच डेव्हलप केली. तारे टाचणीच्या टोकासारखे, गायडिंगला नाव ठेवायला जागा नाही. पण नेब्युला? शून्य. मधला तारकागुच्छ एनजीसी २२४४ व्यवस्थित आला आणि त्याच्याभोवती काहीच नाही. भिंग लावून बघितलं, स्कॅन करून लेव्हल्स ताणून बघितल्या, फक्त ग्रेन.

माझे संशयित: १) डेव्हलपर शिळा २) फिल्टर डुप्लिकेट ३) आकाश वाटलं तितकं काळं नव्हतं ४) ४५ मिनिटं कमी पडली. तुम्ही सांगा.

म्हापसा_मोनो

सल्ला नको म्हणालास म्हणून देत नाही, फक्त माहिती देतो. मी गेल्या महिन्यात हाच रोझेट म्हापशातल्या गच्चीवरून घेतला, शेजारच्या बिल्डिंगचा एलईडी थेट तोंडावर असताना. मॉडिफाय केलेला डीएसएलआर, ७ नॅनोमीटरचा ड्युअल बँड फिल्टर (दोनच अरुंद रंगपट्टे सोडणारा), पाच-पाच मिनिटांच्या २४ फ्रेम्स. पाकळ्या मोजता येतात. सेन्सर शंभरातले साठ-सत्तर फोटॉन पकडतो, तुझी फिल्म दोन. हिशोब कर.

केप्याचा_दुर्बीणवाला

@म्हापसा_मोनो हाच तो सल्ला, माहितीचा सदरा घालून आलेला.

आकाशवेडी

वाचतेय. ॲक्रॉसवर मी कृत्तिका घेतल्या होत्या फिल्टरशिवाय, निळसर धुकं छान आलं होतं (म्हणजे करडं, पण कळलं ना). त्यामुळे फिल्म वाईट नाही एवढं नक्की.

डार्करूम_काका

केपेकर, तुझे चारही संशयित निर्दोष आहेत, सोडून दे त्यांना.

मी छापखान्यात प्रोसेस कॅमेऱ्यावर बावीस वर्षं काढली, आमच्याकडे लिथ फिल्म लाल दिव्यात उघडी टाकायचो, कारण तिला लाल दिसतच नाही. माणसाला सगळे रंग दिसतात म्हणून आपण धरून चालतो की काळी-पांढरी फिल्म म्हणजे सगळं टिपणारी. तसं नसतं. प्रत्येक इमल्शनला (फिल्मवरच्या उजेड टिपणाऱ्या थराला) त्यातल्या रंगद्रव्यांनी ठरवून दिलेली हद्द असते, तिच्यापलीकडे ते ठार आंधळं. तुझ्या ॲक्रॉसच्या डब्याबरोबरचा कागद काढ, रेसिप्रॉसिटीचा तक्ता वाचलास ना, त्याच कागदावर स्पेक्ट्रल सेन्सिटिव्हिटीची रेघ आहे ती बघ. ६४० च्या आसपास ती रेघ उंबऱ्यावरून खाली उडी मारते. ६५६ ला तिथे काही उरत नाही.

आता तुझा फिल्टर. आर२५ साधारण ६०० च्या पुढचं सोडतो, अलीकडचं अडवतो. म्हणजे दोघांची मिळून खिडकी झाली ६०० ते ६४५. त्या खिडकीत रोझेटची एकही मोठी रेघ, म्हणजे तो ज्या ठराविक रंगांत चमकतो त्यातला एकही रंग, नाही. हायड्रोजन-अल्फा ६५६.३, नायट्रोजन ६५८.४, गंधक ६७१.६ आणि ६७३.१, सगळे खिडकीच्या उजव्या चौकटीबाहेर उभे. आणि खिडकीत बरोबर मधोमध काय आहे माहीत आहे? ६३०, वातावरणातल्या ऑक्सिजनची स्वतःची लाल चमक, जी नेत्रावळीच्या काय, कुठल्याही काळ्या आकाशात रात्रभर चालू असते.

म्हणजे बाबा, तू ४५ मिनिटं बसून नेब्युला सोडून बाकी सगळं टिपलंस.

केप्याचा_दुर्बीणवाला

...

मला थोडा वेळ द्या.

गच्चीवरचा

हाहाहा, "नेब्युला सोडून बाकी सगळं", काका _/\_

बाकी काका एक शंका. फिल्टरच लावला नसता तर?

डार्करूम_काका

चांगला प्रश्न. फिल्टर लावला नसता तर काहीतरी नक्की आलं असतं. रोझेट नुसता लाल नाही. हायड्रोजनच अल्फाबरोबर बीटाही सोडतो, ४८६.१ वर, साधारण अल्फाच्या एक तृतीयांश. शिवाय मधल्या भागात दोनदा आयनीभूत ऑक्सिजन, ५००.७ आणि ४९५.९. या तिन्ही रेघा ॲक्रॉसला चांगल्या दिसतात. त्या बिचाऱ्या दारात आल्या होत्या, याने लाल फिल्टर लावून दारच बंद केलं.

आणि इतिहास बघा ना. हेन्री ड्रेपरने ३० सप्टेंबर १८८० ला मृगातल्या नेब्युलाचा पहिला फोटो घेतला, ५१ मिनिटं, तेव्हाच्या प्लेटला निळं-जांभळं सोडून काही दिसत नव्हतं. हॉर्सहेड विल्यमिना फ्लेमिंगबाईंना १८८८ सालच्या हार्वर्डच्या प्लेटवर दिसला, तीही निळीच प्लेट. लाल बघणारी प्लेट आल्यावर मग आकाशच बदललं. पालोमारच्या सर्व्हेत (१९४९ साली सुरू झाला) प्रत्येक तुकड्याच्या दोन प्लेट घेत: निळी कोडॅक १०३ए-ओ, दहा-बारा मिनिटं, आणि लाल १०३ए-ई, पुढे लाल प्लेक्सिग्लास, ती पाऊण तास-तासभर. त्या लाल प्लेटांवरून शार्पलेसने १९५९ साली ३१३ नेब्युलांची यादी केली, तुम्ही आज एसएच२ म्हणून ज्यांच्यामागे धावता तीच.

ती १०३ए-ई म्हणजे लाल टोकाला ६७० च्या आसपास संपणारी प्लेट होती. अलीकडून प्लेक्सिग्लास कापतो, पलीकडून इमल्शन स्वतःच संपतं, मधे हायड्रोजन-अल्फा. अरुंद फिल्टर न वापरता अरुंद खिडकी. आमच्या वेळी फिल्टर कुठला असं कोणी सुटं विचारत नसे, कुठल्या फिल्मवर ते आधी.

म्हापसा_मोनो

हे मात्र मला माहीत नव्हतं. सेन्सरला इतकी सवय झालीय की फिल्टर म्हणजेच खिडकी असं डोक्यात बसलंय. अर्थात आमच्याकडेही हाच घोळ आहे म्हणा, साध्या डीएसएलआरच्या आत कंपनीने बसवलेला फिल्टर हायड्रोजन-अल्फाचा जेमतेम चौथा भाग आत सोडतो, म्हणून तर मॉडिफाय करतात. कॅननने २०डीए, ६०डीए, निकॉनने डी८१०ए काढले ते त्यासाठीच.

फोंडेकर_रात्रपाळी

काका टेक पॅन वापरली होती का तुम्ही? लोक तिचं नाव देवासारखं घेतात.

डार्करूम_काका

वापरली म्हणजे काय, फ्रीझरमध्ये बांगड्याच्या शेजारी तिचं घर होतं, त्यावरून घरात दोन वर्षं भांडण.

कोडॅक टेक्निकल पॅन २४१५. ग्रेन जवळजवळ नाहीच, आणि लाल टोकाला थेट ६९० पर्यंत जागी. पुढे रॅटन २९ (गडद लाल फिल्टर) लावला की खिडकी ६१०-६२० ते ६९०, अल्फा, नायट्रोजन, गंधक तिघेही आत आणि त्या काळचे रस्त्यावरचे दिवे सगळे बाहेर. पाऱ्याच्या दिव्याच्या रेघा ४३५.८ आणि ५४६.१, सोडियमची ५८९, एकालाही प्रवेश नाही. मी पर्वरीच्या पठारावरून कॅलिफोर्निया नेब्युला घेतलाय तेव्हा, आज कुणाला खरं वाटणार नाही.

पण कच्ची टेक पॅन अंधारात डुलक्या काढते. तिला हायपर करावी लागायची. कुकरसारखी एक टाकी, त्यात फिल्म, आधी व्हॅक्यूम ओढून इमल्शनमधली ओल आणि हवा काढायची, मग फॉर्मिंग गॅस भरायचा, ९२ टक्के नायट्रोजन ८ टक्के हायड्रोजन, आणि पन्नास-साठ अंशांवर तासन्तास शेकायची. (आज कोणी शुद्ध हायड्रोजनने घरी असला उद्योग करू नका, स्फोट होईल.) मग डी-१९ मध्ये डेव्हलप. हायपर केलेली फिल्म आपल्या हवेत फार टिकत नाही, ओल लागली की केलेलं सगळं पाण्यात आणि वर फॉग (आख्ख्या निगेटिव्हवर करडेपणा). म्हणून फ्रीझर, म्हणून सिलिका जेल, म्हणून बांगडा.

२००४ च्या सुमारास कोडॅकने बंद केली. माझा शेवटचा रोल मी एका लग्नात चुकून वापरला, तो विषय नको.

आकाशवेडी

"डुलक्या काढते" म्हणजे नेमकं काय होतं काका? रेसिप्रॉसिटी फेल्युअर हा शब्द दहा ठिकाणी वाचला पण फोटॉन तर तेवढेच येतात ना, हळू आले तर काय बिघडलं?

डार्करूम_काका

म्हापशाची मिनीबस डोळ्यासमोर आण. कंडक्टर चार तरी लोक चढल्याशिवाय बस सोडत नाही. दिवसा चार लोक एका मिनिटात येतात, बस सुटते. रात्री एक माणूस चढतो, बसतो, दुसरा येईपर्यंत कंटाळून उतरून घरी जातो. मग दुसरा येतो, तोही तसाच. रात्रभरात वीस माणसं येऊन गेली पण बस स्टँडवरच.

सिल्व्हर हॅलाइडचा कण तसाच. त्यात चांदीचे तीन-चार अणू एकत्र जमले तरच तो डेव्हलपरमध्ये काळा होतो. एकटा अणू अस्थिर, थोड्या वेळात विस्कटतो. फोटॉन हळू आले की पहिला विस्कटल्यावर दुसरा येतो. कार्ल श्वार्झशिल्डने हे ताऱ्यांच्या फोटोवर काम करताना मोजून सूत्रात बसवलं, हो तोच, कृष्णविवरवाला. हायपर करणं म्हणजे पहिल्या प्रवाशाला कंटाळा येऊ नये म्हणून बसमध्ये आधीच दोन माणसं बसवून ठेवणं.

फोंडेकर_रात्रपाळी

+१. कदंबाची (सरकारी) बस घेतली असती तर फोटॉन रात्री आठनंतर आलेच नसते.

केप्याचा_दुर्बीणवाला

परत आलो. कागद काढून बघितला. काका म्हणतात तसंच आहे, रेघ ६५० च्या आत संपते. हा कागद मी दोन महिने खिशात घेऊन फिरत होतो.

आता पुढचं विचारतो. आज बाजारात मिळणाऱ्या फिल्ममध्ये ६५६ कुणाला दिसतं? मी रात्रभर शोधून जे काढलं ते असं: इलफोर्ड एसएफएक्स २००, तिला ७४० पर्यंत दिसतं. रोलेची सुपरपॅन २०० आणि तिच्या बहिणी, त्या मुळात विमानातून जमिनीचे फोटो घ्यायच्या फिल्म, लाल टोकाला लांब जातात. आणि रंगीतमध्ये कोडॅकची नवी एक्टाक्रोम ई१००, २०१८ ला परत आणलेली, तिच्यावर लोकांनी हायड्रोजनचा लाल चांगला काढलाय. एचपी५ वगैरे नेहमीच्या फिल्म काठावर.

एसएफएक्स मला मुंबईहून मिळेल. घेऊ का?

डार्करूम_काका

घे, पण आधी गणित कर मग रड. इलफोर्ड स्वतः सूत्र देते: मीटरने सांगितलेले सेकंद घ्यायचे आणि त्याचा घात करायचा, एसएफएक्ससाठी १.४३. एका मिनिटाचं एक्स्पोजर पाहिजे असेल तर ६० चा १.४३ घात, जवळजवळ सहा मिनिटं. दहा मिनिटांचं पाहिजे असेल तर अडीच तासांच्या वर. सूत्र इतकं लांब ताणणं बरोबर नाही, पण अंदाज येतो. तेच दहा मिनिटं ॲक्रॉसला चौदा मिनिटांत मिळतात.

म्हणजे गंमत बघ. जी जागी राहते तिला लाल दिसत नाही, जिला लाल दिसतं ती झोपते. टेक पॅन हायपर केल्यावर दोन्ही करायची म्हणून लोक अजून तिचं नाव काढतात.

म्हापसा_मोनो

मग खिडकी अजून अरुंद करा ना. माझ्याकडे जुना ७ नॅनोमीटरचा हायड्रोजन-अल्फा पडून आहे, केपेकरांना देतो. लेन्सच्या पुढे लावला तर चालेल, पण एक लक्षात ठेव, हे इंटरफिअरन्स फिल्टर आहेत, काचेवर पातळ थर चढवलेले. किरण तिरका आला की त्यांची खिडकी निळ्याकडे सरकते. रॅटन किंवा आर२५ रंग शोषून घेणारे, त्यांना कोनाचं सोयरसुतक नाही.

लेन्सच्या पुढे लावलास तर ताऱ्याचे किरण समांतर येतात त्यामुळे एफ रेशोचा प्रश्न नाही, फक्त तारा मधल्यापासून किती बाजूला त्याचा कोन. १३५ च्या लेन्सला फ्रेमचा कोपरा मधल्यापासून नऊ अंश, तिथे खिडकी दोनेक नॅनोमीटर सरकते, ७ च्या फिल्टरला ते पचतं, ३ च्या फिल्टरला कोपरे गेले. पण ५० ची लेन्स लावून अख्खा मृग आणि बर्नार्ड्स लूप घ्यायला गेलास तर कोपरा तेवीस अंशांवर, खिडकी १३ नॅनोमीटर सरकणार, म्हणजे मधे लाल नेब्युला आणि बाजूला गोल अंधार. मी केलंय. त्या फोटोवर लोकांनी विचारलं होतं की हा कुठला नवीन बबल नेब्युला.

लेन्सच्या मागे लावला तर उलट, मग एफ रेशो बघायचा. एफ/४ ला सव्वा नॅनोमीटर सरकतं, एफ/२ ला जवळपास पाच. एफ/२ वर ३ नॅनोमीटरचा साधा फिल्टर म्हणजे पैसे देऊन अंधार विकत घेणं. म्हणून एफ/२ साठी आधीच लाल बाजूला सरकवलेले फिल्टर वेगळे मिळतात.

डार्करूम_काका

फिल्मवर इंटरफिअरन्स फिल्टर लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. खिडकी अरुंद केलीस की फिल्मवर येणारा उजेड अजून कमी, आणि उजेड कमी की मिनीबस अजूनच सुटत नाही. सेन्सरला हळू उजेड चालतो, फिल्मला नाही. आमच्या वेळी कुणी लावत नसे.

आकाशवेडी

काका तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, लावत होते. ऑस्ट्रेलियातल्या यूके श्मिट दुर्बिणीवर नव्वदच्या दशकाच्या शेवटी आख्ख्या दक्षिण आकाशगंगेचा हायड्रोजन-अल्फा सर्व्हे केला, तो टेक पॅन फिल्मवरच, आणि पुढे ७ नॅनोमीटरचा एकसंध इंटरफिअरन्स फिल्टर, तब्बल ३०५ मिमी मोकळ्या व्यासाचा. एकेक एक्स्पोजर तीन तासांचं. त्यातून शेकडो नवे ग्रहीय नेब्युला सापडले. आणि मोनोभाऊ म्हणतायत तो कोनाचा हिशोबही त्यात होता, फिल्टरचा मध्य ६५६ वर नाही तर ६५९ ला ठेवलेला, कारण ती दुर्बीण एफ/२.५.

डार्करूम_काका

हं. वाचलं होतं कधीतरी, विसरलो. मान्य. "कुणी" च्या जागी "मी आणि माझ्यासारखे" वाचावे.

पण ती १.२ मीटरची दुर्बीण, फिल्म हायपर केलेली, आणि तीन तास. केपेकराकडे ४८ मिमीचं भोक आहे आणि दव आहे.

(आकाशवेडी, एफ रेशो तोच असेल तर फैलावलेल्या नेब्युलाला आरसा मोठा असून उपयोग नाही असं तू आता म्हणशील. तेही मान्य, एफ/२.५ आणि एफ/२.८ मध्ये फार अंतर नाही. हायपरचा मुद्दा मात्र उरतो.)

गच्चीवरचा

थोडं अवांतर. मी पणजीत राहतो. माझ्याकडे वीस वर्षांपूर्वीचा यूएचसी आणि नंतर घेतलेला सीएलएस आहे, दोन्ही गावातल्या दिव्यांचा उजेड कापणारे फिल्टर. आधी रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते तेव्हा सीएलएस लावला की फरक दिसायचा, जुन्ता हाउसच्या गच्चीवर लोकांना मृगातला नेब्युला दाखवायचो तेव्हा आयपीसला यूएचसी लावला की "आता दिसलं" असा आवाज यायचा. आता सगळीकडे पांढरे एलईडी आणि सीएलएस लावला काय न लावला काय. खराब झाला का?

म्हापसा_मोनो

फिल्टर ठीक आहे, दिवे बदलले. सोडियम आणि पारा ठराविक रेघांत चमकायचे, तेवढ्या कापल्या की काम झालं. पांढरा एलईडी म्हणजे ४५० ला निळं शिखर आणि पुढे ५०० ते ६५० भर फॉस्फरचा डोंगर, सलग. सलग उजेडातून काय कापणार? आता रुंद फिल्टर गावात फारसे उपयोगाचे नाहीत, एकतर अरुंद किंवा पेट्रोल टाकून सत्तरी तालुक्यात. बरं एलईडीचा डोंगर ६५६ पर्यंत उतरणीला लागलेला असतो म्हणून अल्फा अजून वाचलाय, ओ-३ ची (दोनदा आयनीभूत ऑक्सिजनची) वाट जास्त लागली.

आणि हे सगळं फक्त रेघा सोडणाऱ्या नेब्युलांना. कृत्तिका, विच हेड, ऱ्हो ओफियुकी हे दुसऱ्याच्या उजेडात चमकणारे, त्यांचा उजेड ताऱ्याचा, म्हणजे सलग. तिथे कुठलाही अरुंद फिल्टर लावला तरी नेब्युलाच कापला जातो.

आकाशवेडी

म्हणून माझ्या कृत्तिका आल्या! निळा उजेड, फिल्टर नाही, ॲक्रॉस जागी. तर केपेकर, उरलेली ॲक्रॉस फेकू नका. विच हेडवर लावा, जानेवारीत संध्याकाळीच वर असतो. आणि एप्रिलमध्ये ऱ्हो ओफियुकी, चोर्ला घाटात, पावसाआधी.

फोंडेकर_रात्रपाळी

एटा कॅरिना नेब्युला कुणी फिल्मवर घेतलाय का इकडून? काणकोणहून दक्षिणेला पंधरा अंश वर येतो.

गच्चीवरचा

पंधरा अंशांवर कारवारचा उजेड आणि त्याच्या उजवीकडे ट्रॉलरवाल्यांची दिवाळी. मार्चमध्ये दोनदा गेलो, दोनदा उत्तम नारळपाणी मिळालं.

तिसरा_बाक

मी एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो, पहिल्यांदाच लिहितोय. कुठल्या फिल्मला ६५६ दिसतं यावर रात्र आणि पेट्रोल घालवायची गरज नाही. बी.एस्सी.च्या रिडबर्ग स्थिरांकाच्या प्रॅक्टिकलला हायड्रोजनची डिस्चार्ज ट्यूब असते. तीच लाल रेघ, तेच ६५६.३. कॅमेऱ्याच्या पुढे ग्रेटिंग (उजेडाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची पट्टी) धरा आणि ट्यूबचा फोटो घ्या. लाल, निळसर हिरवी, जांभळी अशा रेघा वेगवेगळ्या पडतील. ज्या फिल्मवर लाल उमटेल ती तुमची. एक्स्पोजर काही सेकंदांचं, त्यामुळे झोपेचा प्रश्न नाही. केपेकर, या कधीही, फक्त अंतर्गत परीक्षा चालू नसताना.

डार्करूम_काका

तिसरा बाक, तुम्ही पहिल्या बाकावर या.

केप्याचा_दुर्बीणवाला

अपडेट.

सरांच्या लॅबमध्ये गेलो. दोन रोल, ॲक्रॉस आणि एसएफएक्स, प्रत्येकी सहा फ्रेम, ग्रेटिंग प्लॅस्टिकचं साधं. डोळ्याला सगळ्यात ठसठशीत दिसत होती ती लाल रेघ. ॲक्रॉसच्या निगेटिव्हवर ४८६ आणि ४३४ कडक काळ्या आणि लाल रेघेच्या जागी साफ पारदर्शक. सगळ्यात जास्त एक्स्पोजर दिलेल्या फ्रेमला नख ओढल्यासारखं काहीतरी आहे, तेही शोधून. एसएफएक्सवर लाल रेघ अशी की शेजारी प्रभामंडळ आलंय.

सरांनी त्या दोन पट्ट्या मुलांना दाखवायला ठेवून घेतल्या. म्हणजे माझी चूक आता अभ्यासक्रमात आहे.

फोंडेकर_रात्रपाळी

मस्त! पु.भा.प्र. (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)

केप्याचा_दुर्बीणवाला

शेवटचा अपडेट, पौर्णिमा गेल्यानंतरचा.

परत तीच बागायत. एसएफएक्स, आर२५, एफ/२.८, एक फ्रेम १०० मिनिटांची. मोनोभाऊंचा ७ नॅनोमीटरवाला नेला होता पण काकांची मिनीबस डोक्यात होती, धीर झाला नाही. लाल फिल्टरमागे फोकस वेगळा पडतो हे गेल्या वेळी ऐकून होतो म्हणून या वेळी फिल्टर लावूनच केला. दवाने अर्ध्या रात्री लेन्सची टोपी भिजून टपकायला लागली, हीटरची पट्टी होती म्हणून काच वाचली. एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती: ओलसर हवेत फिल्म गेटमध्ये फुगते. पहिली फ्रेम चाळीस मिनिटांवर मधेच टपकन उडाली असावी, कारण प्रत्येक तारा जुळा आलाय. दुसऱ्या वेळी फिल्म पुढे ओढून वीस मिनिटं तशीच ठेवली, मग शटर उघडलं.

आणि आहे. गुच्छाभोवती आहे. फार नाही, चहाचा ग्लास टेबलावरून उचलल्यावर ओलं वर्तुळ राहतं तेवढंच, एका बाजूला जरा जाड. स्कॅनवर टाकतोय पण खरं सांगायचं तर निगेटिव्ह खिडकीशी तिरकी धरली की जास्त चांगलं दिसतं. बायकोला दाखवलं, ती म्हणाली डाग पडलाय.

ई१०० चा रोल पण त्याच रात्री, फिल्टरशिवाय ४० मिनिटं, तो मुंबईला गेलाय, अजून आला नाही.

म्हापसा_मोनो

अभिनंदन रे. खरंच. (माझ्या २४ फ्रेम्समध्ये एवढी मजा आली नव्हती, हे इथेच राहू दे.)

डार्करूम_काका

स्कॅन बघितला. वर्तुळ आहे, डाग नाही, वहिनींना सांग.

आता ऐक. अंधुक गोष्ट इमल्शनच्या अगदी वरच्या थरात असते, फॉगचे कण मात्र आख्ख्या जाडीभर पसरलेले. डेव्हिड मॅलिन ऑस्ट्रेलियात हेच करायचे: पसरट उजेडात निगेटिव्ह दुसऱ्या कडक फिल्मला चिकटवून कॉन्टॅक्ट (त्याच मापाची प्रत) काढायचा, वरचाच थर नेमका उतरतो आणि प्लेटवर डोळ्याला न दिसणारं बाहेर येतं. माझ्याकडे लिथ फिल्मचा एक डबा उरलाय, मुदत कधीच संपलीय पण फ्रीझरमध्ये होता. रविवारी सकाळी निगेटिव्ह घेऊन ये, बटर पेपरमध्ये गुंडाळून, प्लॅस्टिकमध्ये नको.

केप्याचा_दुर्बीणवाला

येतो काका. बांगडे आणू का?

डार्करूम_काका

ताजे असतील तर. फ्रीझरमध्ये जागा नाही.